छर्रे, दारू, वॅड आणि टोपी: सुट्या मालाचा बाजार कसा घडला

शॉटगनचं, म्हणजे छर्ऱ्यांच्या बंदुकीचं, काडतूस घरी पुन्हा भरायचं तर पाच गोष्टी लागतात: हल म्हणजे रिकामी नळी, प्रायमर म्हणजे दारू पेटवणारी टोपी, दारू, वॅड म्हणजे दारू आणि छर्ऱ्यांमधला डट्टा, आणि छर्रे. हे पाचही एकाच दुकानातून, दर वर्षी तेच आणि तसेच मिळावेत ही भरणाऱ्याची साधी अपेक्षा असते. ती क्वचितच पुरी होते. प्रायमर मिळाले तर वॅड संपलेले असतात, वॅड आले तर हवी ती दारू नसते. याचा दोष दुकानदाराच्या माथी मारणं सोपं आहे, पण मूळ कारण फार जुनं आहे. हे पाच जिन्नस कधी एका धंद्यातून आलेच नाहीत. छर्रे शिशाच्या व्यापाऱ्याकडून आले, दारू आणि प्रायमर स्फोटकांच्या कारखान्यांतून आले, तर नळ्या आणि वॅड आधी कागद-नमद्याच्या आणि पुढे प्लास्टिकच्या धंद्यातून.

ठासणीच्या बंदुकीच्या काळात प्रत्येक शिकारी स्वतःच भरणारा होता. दारू वेगळी, छर्रे वेगळे, मधला डट्टा ज्याचा त्याने कापायचा. त्या काळी खात्रीचा माल म्हणजे कोरडी दारू आणि गोल छर्रे. गोल छर्रे मिळणं मात्र सोपं नव्हतं. ब्रिस्टलच्या विल्यम वॉट्सने १७८२ साली त्यावर पेटंट घेतलं: किंचित आर्सेनिक घातलेलं वितळलेलं शिसं चाळणीतून उंचावरून खाली सोडायचं. थेंब पडता पडता गोल होतात आणि खालच्या पाण्यात थिजतात. त्यासाठी त्याने रेडक्लिफमधल्या आपल्या घरावरच मनोरा चढवला. तो १९६८ पर्यंत उभा होता.

१८३० च्या दशकात पॅरिसच्या कासिमीर लफोशोने मागून भरायची बंदूक आणि तिचं काडतूस आणलं. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात ती इंग्रज बंदूककारांच्या नजरेत भरली आणि १८६१ मध्ये जॉर्ज डॉने मध्यभागी टोपी असलेलं काडतूस इंग्लंडच्या बाजारात आणलं. आता कागदी नळी आणि पितळी बूड असलेली रिकामी काडतुसं विकत घेऊन घरी भरता येऊ लागली. ओल लागली की कागद फुगायचा आणि काडतूस चेंबरमध्ये अडकायचं. त्यामुळे माल कुठे आणि कसा साठवला होता, हे विचारूनच घेण्याची रीत पडली.

खरा बदल घडवला तो धूरविरहित दारूने. प्रशियाच्या शुल्ट्झने १८६४ च्या सुमारास लाकडापासून नायट्रोसेल्युलोजची दारू बनवली. तिच्यासारख्या सुरुवातीच्या काही दारू मुद्दाम जुन्या, धूर करणाऱ्या काळ्या दारूच्याच मापाने भरता येतील अशा हलक्या ठेवलेल्या होत्या. मग १८८७ मध्ये आल्फ्रेड नोबेलचं बॅलिस्टाइट आलं. ही दारू दाट होती. जुनं माप तिने काठोकाठ भरलं तर बंदुकीची नळी फाटण्याइतका दाब तयार होई. भरणाऱ्याचा प्रश्न इथे बदलला. ‘दारू चांगली आहे का?’ एवढं विचारून भागेना, ‘ही नेमकी कोणती दारू आहे?’ हे कळणं जिवावरचं झालं. काळ्या दारूच्या दिवसांची खूण अजूनही काही काडतुसांच्या खोक्यांवर दिसते. ‘ड्रॅम इक्विव्हॅलंट’ हा आकडा आत किती दारू आहे ते सांगत नाही, तर पूर्वी एवढाच वेग मिळवायला किती काळी दारू लागली असती ते सांगतो. तो दारूचं वजन समजून वापरणं धोक्याचं आहे.

अमेरिकेत १९१२ मध्ये न्यायालयाच्या आदेशावरून ड्यूपाँची मक्तेदारी मोडली आणि हर्क्युलिस आणि अ‍ॅटलस या कंपन्या वेगळ्या झाल्या. हर्क्युलिसने १९३२ मध्ये आणलेली ‘रेड डॉट’ ही शॉटगनची दारू पुढे पिढ्यान्‌पिढ्या वापरली गेली. १९९५ मध्ये हर्क्युलिसचा हा धंदा अलायंटकडे गेला, डब्यावरची कंपनी बदलली, पण रेड डॉट हे नाव टिकलं. इतकी वर्षं एकच नाव बाजारात राहणं मला कुठल्याही जाहिरातीपेक्षा मोलाचं वाटतं, कारण भरणाऱ्याच्या वहीतले आकडे त्या नावाशी बांधलेले असतात.

दुसऱ्या महायुद्धानंतरची वीस-पंचवीस वर्षं या छंदाच्या भरभराटीची. कॅन्ससच्या ब्रूस हॉजडनने सैन्याची उरलेली दारू विकत घेऊन लोकांना विकायला सुरुवात केली. ती मुख्यतः रायफलची होती, पण सुटी दारू घरपोच मागवण्याची सवय त्यातून रुजली. विस्कॉन्सिनमधल्या मेव्हिलच्या मेक कंपनीने काडतुसं भरायची यंत्रं बनवली आणि त्याच राज्यात रिचर्ड लीने १९५८ मध्ये हातात मावेल असा भरणीचा संच काढला. १९६० मध्ये रेमिंग्टनने प्लास्टिकची नळी आणली. पाठोपाठ ‘पॉवर पिस्टन’ आला. दारूवरचा पुठ्ठा, मधला नमदा आणि छर्ऱ्यांची वाटी या सगळ्यांची जागा प्लास्टिकच्या एकाच तुकड्याने घेतली. १९६५ च्या विंचेस्टर एए काडतुसाची एकसंध नळी अनेकदा भरता येई, म्हणून नेमबाजी क्लबच्या मैदानावर पडलेल्या रिकाम्या नळ्यांनाही भाव आला. नव्या शतकाच्या उंबरठ्यावर तीच नळी दोन भागांची झाली, नाव मात्र एएच राहिलं. तेव्हापासून काळजीपूर्वक भरणारे जुन्या आणि नव्या नळ्या वेगळ्या डब्यांत ठेवतात.

प्लास्टिकचा वॅड दारूवर घट्ट बसतो, त्यामुळे दाब चढतो. नळीचा आतला आकार बदलला की दारूला मिळणारी जागा बदलते. २०९ या एकाच मापाचे प्रायमर सगळ्या कंपन्यांकडे असतात, पण त्यांची आग सारखी नसते. बारा बोअरच्या पावणेतीन इंची काडतुसासाठी अमेरिकेच्या सामी या संस्थेने कमाल दाब दर चौरस इंचाला ११,५०० पौंड ठरवला आहे. बाकी सगळं तेच ठेवून फक्त प्रायमर बदलला तरी दाब हजारो पौंडांनी सरकू शकतो. म्हणून दारू बनवणारे कारखाने एकेका जिनसाचं नाही, तर पाचांच्या ठरावीक जोडणीचं माप तपासून छापतात. यातला एक भाग मिळाला नाही की तपासलेली जोडणी मोडते. ‘हा नाही, पण अगदी तसाच आहे’ असं म्हणून दुसरा माल पुढे करणारा विक्रेता कितीही प्रामाणिक असला, तरी या कामात त्याचा सल्ला घेऊ नये. पर्यायी वॅडवर तो कोणत्या मूळ वॅडच्या जागी चालतो ते लिहिलेलं असतं, आणि छापील तक्त्यात त्याचं नाव असेल तरच तो वापरावा. क्लेबस्टर आणि डाउनरेंज यांचे स्वस्त वॅड याच वाटेने रूढ झाले.

युरोपच्या मालाने आणखी एक गाठ घातली. शेडिट, फियोकी यांचे प्रायमर बहुतेक अमेरिकी प्रायमरपेक्षा किंचित जाड असतात. ते एकदा बसवले की नळीचं भोक रुंदावतं आणि पुढच्या खेपेला अमेरिकी प्रायमर सैल बसतो.

छर्ऱ्यांचा बाजार कायद्याने हलवला. अमेरिकेत १९९१ पासून पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छर्रे देशभर बंद झाले, डेन्मार्कने १९९६ मध्ये ते सरसकट बंद केले, आणि युरोपीय संघात २०२३ पासून पाणथळ जागांवर बंदी आली. शिशाऐवजी आलेलं पोलाद दबत नाही आणि बंदुकीच्या नळीला ओरखडे पाडतं, म्हणून त्याला जाड वॅड आणि वेगळं माप लागतं. मोठ्या कंपन्यांना या फुटकळ मालात फारसा रस नव्हता, त्यामुळे लहान खास विक्रेते पुढे आले. शिशाच्या छर्ऱ्यांवर तर जागतिक भावाचा थेट परिणाम होतो. २००७ च्या ऑक्टोबरात लंडनच्या धातुबाजारात शिसं टनाला ३,९०० डॉलरच्या आसपास गेलं, आणि एक औंसाची ४०० काडतुसं भरणारी पंचवीस पौंडांची पिशवी एकाएकी महाग झाली. मैदानातून वेचून, धुऊन विकलेले छर्रे मग अनेकांनी जवळ केले.

अमेरिकेत दारू आणि प्रायमर पाठवायचे तर धोकादायक मालाचं वेगळं शुल्क पडतं, आणि ते लहान मागणीलाही जवळपास तेवढंच असतं. म्हणून क्लबमधले लोक एकत्र येऊन मोठी मागणी नोंदवू लागले. या पद्धतीचा आणखी एक फायदा झाला: सगळ्यांना एकाच लॉटची, म्हणजे कारखान्यात एकाच खेपेला बनलेली, दारू मिळू लागली.

२००८ नंतर तुटवड्याच्या लाटाच आल्या. २०१२-१३ ची मोठी होती, २०२० ची त्याहून मोठी. प्रायमर बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या स्वतः काडतुसंही बनवतात. मागणी वाढली की प्रायमर आधी त्यांच्याच कारखान्यात जातो, सुटा विकायला उरेल तेवढाच येतो. घरी भरणारा रांगेत शेवटी असतो. २०२० मध्येच रेमिंग्टन दिवाळखोरीत गेली आणि तिचा काडतुसांचा धंदा विकला गेला. पुढे युक्रेनच्या युद्धाने तोफगोळ्यांची मागणी वाढवली आणि नायट्रोसेल्युलोज तिकडे वळलं. २०२४ मध्ये चीनने आधी अँटिमनीच्या निर्यातीवर बंधनं घातली आणि डिसेंबरात अमेरिकेला ती बंदच केली. छर्रे कडक करायला हाच धातू लागतो.

टंचाईत खोटी विक्री फोफावते. २०२० नंतर प्रायमर ‘उपलब्ध’ दाखवून आगाऊ पैसे घेणारे आणि माल न पाठवणारे पुष्कळ निघाले. त्याहून मोठा धोका उघड्या डब्यातल्या, चिठ्ठी नसलेल्या दारूचा. रंगावरून किंवा कणांवरून दारू ओळखता येत नाही. ती फुकट मिळाली तरी घेऊ नये. सीलबंद मूळ डबा, त्यावरचा लॉट क्रमांक आणि तो क्रमांक मागणी नोंदवण्याआधी फोनवर वाचून दाखवायला तयार असलेला विक्रेता, एवढं जिथे मिळतं तिथून जुने भरणारे भाव थोडा जास्त असला तरी माल घेतात.