धावपट्टी आली आणि वारा आडवा झाला

छोट्या खासगी विमानांच्या अपघातांचा हिशेब मांडला, तर मोठा वाटा उतरतानाच्या अपघातांचा निघतो. त्यातले बहुतेक जीवघेणे नसतात. पंख घासतो, प्रोपेलर वाकतो, माणसं चालत बाहेर येतात आणि बातमी होत नाही. पण टेकल्यावर विमान ताब्यातून का सुटतं, याचा इतिहास बराच मागे जातो.

१९०८ साली अमेरिकेच्या ग्लेन कर्टिसने उडवलेल्या 'जून बग' या विमानाला पुढे एक चाक होतं. म्हणजे नाकाखालचं चाक ही काही नवी युक्ती नव्हे. तरीही पुढची कित्येक वर्षं दोन मुख्य चाकं पुढे आणि शेपटीखाली आधार, हीच रचना चालली. ती हलकी होती, ओबडधोबड मैदानाला पुरून उरायची आणि प्रोपेलर जमिनीपासून उंच राहायचा. दोष एकच, पण मुळातला: विमानाचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे येतो. विमान जरा तिरकं टेकलं, की मागचं वजन पुढे धावू पाहतं, तिरकेपणा वाढत जातो आणि विमान गर्रकन वळतं. हाच तो ग्राउंड लूप.

सुरुवातीला हा दोष खपून गेला तो मैदानामुळे. विमानतळ म्हणजे मोकळं गवताळ रान. वारा जिकडून येईल तिकडे तोंड करून उतरायचं. शेपटीखाली चाकही नसे, स्किड म्हणजे जमिनीवर घासत जाणारी दांडी असे. ती नांगराच्या फाळासारखी गवतात रुतत यायची आणि विमान सरळ ठेवायची, वेगही मारायची. मग जड विमानांसाठी पक्क्या धावपट्ट्या आल्या. पट्टीला दिशा दोनच, वाऱ्याला मात्र हव्या तितक्या. स्किडच्या जागी चाक आलं, ब्रेक आले, आणि विमान सरळ ठेवण्याचं सगळं काम वैमानिकाच्या पायांवर, म्हणजे रडरच्या (शेपटीवरच्या, नाक डावी-उजवीकडे वळवणाऱ्या फळीच्या) पेडल्सवर येऊन पडलं. माझ्या मते या सगळ्या गोष्टीत विमानापेक्षा जमीन बदलली हेच जास्त महत्त्वाचं.

यावर सर्वांत धीट उत्तर शोधलं फ्रेड वाइक या अमेरिकन अभियंत्याने. १९४० साली प्रमाणपत्र मिळालेल्या त्याच्या 'एरकूप'मध्ये रडरची पेडल्सच नव्हती. रडर आणि एलरॉन (पंखांवरच्या, विमान बाजूला कलवणाऱ्या झडपा) एकत्र जोडून सगळं सुकाणूच्या चाकावर आणलं होतं. नाकाखाली चाक असल्याने गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या पुढे आला. आडव्या वाऱ्यात विमान तिरकंच टेकवायचं, ते आपोआप सरळ होतं. युद्धानंतर हे विमान चक्क डिपार्टमेंट स्टोअरमध्ये विकायला ठेवलं होतं!

पेडल्स काढून टाकण्याची कल्पना टिकली नाही, नाकाखालचं चाक टिकलं. 'सेसना १७०'ला शेपटीचं चाक होतं. १९५६ मध्ये बाजारात आलेल्या 'सेसना १७२'ला ते नाकाखाली गेलं आणि कंपनीने त्या चाकांची जाहिरात 'लँड-ओ-मॅटिक' म्हणून केली. नाव जरा जास्तच आश्वासक होतं. ग्राउंड लूप कमी झाले खरे, पण जादा वेगात आलेलं विमान जबरदस्तीने टेकवलं, की पुढचं चाक आधी आपटतं, विमान उसळ्या मारतं आणि पुढचा दांडा मोडतो. शिवाय वजन पुढच्या चाकावर आणि मुख्य चाकं हलकी, अशा अवस्थेत विमान ढकलगाडीसारखं बाजूला सटकू शकतं. आडवा वारा तर होता तिथेच आहे, आणि पेडल्सवरचे पाय मात्र आळसावले.

जीवघेणा प्रकार टेकण्याआधीचा. धावपट्टीकडे शेवटचं वळण घेताना विमान पट्टीची रेषा ओलांडून जातं, वैमानिक रडर दाबून नाक आत ओढतो, वेग उतरलेला असतो, आणि स्टॉल होऊन, म्हणजे पंखाचा हवेशी होणारा कोन फार वाढून उचल कोसळल्याने, विमान स्पिनमध्ये जातं, गरगरत खाली येतं. तेवढ्या उंचीवर सावरायला जागा नसते. अमेरिकेत खासगी परवान्यासाठी स्पिनचं प्रात्यक्षिक १९४९ मध्येच बंद झालं. भर स्टॉल ओळखण्यावर आणि टाळण्यावर देण्यात आला. २०१५ साली तिथल्या अपघात तपास मंडळाने छोटी विमानं हवेतच ताब्यातून सुटण्याचा प्रश्न आपल्या अग्रक्रमाच्या यादीत घातला. त्याच सुमारास पंखाचा हवेशी होणारा कोन दाखवणारी उपकरणं बसवण्याचे नियमही सोपे झाले.

शेपटीचं चाक असलेली विमानं अजून उडतात. अमेरिकेत ती उडवायला प्रशिक्षकाची वेगळी नोंद लागते, आणि त्या प्रशिक्षणात आडव्या वाऱ्यातलं उतरणं असतंच. १५ एप्रिल १९९१ पूर्वी ज्यांनी मुख्य वैमानिक म्हणून अशी विमानं उडवली होती, त्यांना तेवढी सूट आहे.