बरं झाल्यावर जायचं कुठे?

"साखर किती घालू?" हा प्रश्न आपल्याला कुणीही विचारतं आणि आपण विचार न करता उत्तर देऊन मोकळे होतो. मनोरुग्णालयात पंधरा-वीस वर्षं काढलेल्या माणसाला तो विचारला, तर अनेकदा तो आधी शेजारी उभ्या असलेल्या परिचारकाच्या तोंडाकडे बघतो. वॉर्डात चहा येतो तो दूध-साखर घालूनच, पातेल्यातून, ठरलेल्या वेळी. कपडे धुऊन गठ्ठ्याने येतात. दिवे कधी मालवायचे, केस कधी कापायचे, जेवण कधी, हे सगळं दुसरं कुणीतरी ठरवतं. आजार आटोक्यात आला तरी हा क्रम सुटत नाही. आणि मग घरचे, कर्मचारी, कधीकधी डॉक्टरसुद्धा म्हणतात, "याला बाहेर जमायचं नाही."

न जमणं हे आजाराचं की वॉर्डाचं? ब्रिटनमधले मानसोपचारतज्ज्ञ रसेल बार्टन यांनी 1959 मध्ये याला सरळ एक वेगळा विकार मानलं. कशातच रस न उरणं, स्वतःहून काही न करणं, सांगेल ते मुकाट ऐकणं ही लक्षणं मूळ आजाराची नसून संस्थेत राहण्याची असू शकतात, असं त्यांचं म्हणणं. हे मत झालं. त्याची मोजदाद केली जॉन विंग आणि जॉर्ज ब्राऊन या संशोधकांनी. इंग्लंडमधल्या तीन मनोरुग्णालयांत वर्षानुवर्षं राहणाऱ्या, स्किझोफ्रेनिया असलेल्या स्त्रियांची ते 1960 पासून काही वर्षं पुन्हापुन्हा तपासणी करत राहिले. रुग्णाच्या दिवसाचा तासन् तास हिशेब मांडला: किती वेळ काम, किती वेळ गप्पा, स्वतःच्या वस्तू किती, आणि किती वेळ नुसतं बसून. ज्यांची प्रकृती सुधारली त्यांच्या बाबतीत सगळ्यात ठळकपणे जुळणारी गोष्ट एकच निघाली. त्यांचा काहीही न करता जाणारा वेळ कमी झाला होता.

अमेरिकेतल्या व्हर्माँट राज्याची गोष्ट याहून थक्क करणारी. तिथल्या सरकारी मनोरुग्णालयाच्या मागच्या वॉर्डांतल्या, म्हणजे ज्यांच्यावर आशा सोडली होती अशा 269 जणांना 1950 च्या दशकाच्या मध्यात पुनर्वसनाची तयारी करून टप्प्याटप्प्याने बाहेर पाठवलं. कोर्टनी हार्डिंग आणि सहकाऱ्यांनी सुमारे तीन दशकांनी त्यांना शोधून काढलं. 1987 मध्ये निष्कर्ष छापून आले: अर्ध्या ते दोन तृतीयांश लोकांची स्थिती बरीच सुधारलेली, काही पूर्ण बरे.

आता आपल्याकडे येऊ. ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय 1901 चं. तेव्हा ते गावाबाहेर होतं. आज शहराने त्याला चहूबाजूंनी वेढलंय, आणि ठाणे-मुलुंडच्या मध्ये होणाऱ्या नव्या रेल्वे स्थानकासाठी त्याच्याच जागेचा एक तुकडा निवडला गेलाय. राज्यात अशी चार: ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. हान्स फाउंडेशनच्या 2019 मधल्या अहवालात देशभरातल्या 43 सरकारी मनोरुग्णालयांची पाहणी होती. तिथे राहणाऱ्यांपैकी सुमारे 36 टक्के लोक वर्षभर किंवा त्याहून जास्त काळ आत होते. यातल्या अनेकांना दाखल राहण्याची वैद्यकीय गरज उरलेली नसते. पत्ता चुकीचा असतो, भाऊ जागा विकून दुसरीकडे गेलेले असतात, नाहीतर घरचे फोन उचलत नाहीत.

मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 याचं कलम 19 याबाबतीत अगदी स्पष्ट आहे. कुटुंब नाही, कुटुंब स्वीकारत नाही, घर नाही किंवा बाहेर सोय नाही, एवढ्याच कारणावरून कुणाला मनोरुग्णालयात ठेवता येणार नाही. बाहेरच्या सोयी उभारणं ही सरकारची जबाबदारी. यावर शोधला गेलेला एक मार्ग मात्र असा होता, की माणसं मनोरुग्णालयातून उचलून भिक्षेकरीगृहात किंवा वृद्धाश्रमात ठेवायची. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्राला हा प्रकार बंद करायला सांगितला. एका भिंतीआडून दुसऱ्या भिंतीआड हलवणं म्हणजे पुनर्वसन नव्हे, हे न्यायालयाला सांगावं लागलं यातच सगळं आलं. ठाण्याच्या रुग्णालयात वर्षानुवर्षं अडकलेल्यांचा प्रश्न घेऊन मुंबईतले मानसोपचारतज्ज्ञ डॉ. हरीश शेट्टी उच्च न्यायालयातही गेले.

मग पाठवायचं कुठे? आपलं पहिलं उत्तर ठरलेलं: घरी. अनेकांसाठी ते बरोबरही आहे. रस्त्यावर भरकटलेल्या मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना थेट बिहार, बंगालपर्यंत त्यांच्या गावी पोचवणारी 'श्रद्धा' ही डॉ. भरत आणि स्मिता वाटवानी यांची कर्जतची संस्था हेच करते, आणि डॉ. वाटवानींना त्यासाठी 2018 चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण घर हे एकमेव उत्तर नाही, आणि यामागचं विज्ञान मुंबईकराने तर नीट समजून घ्यायला हवं.

1950 च्या दशकात जॉर्ज ब्राऊन यांना लंडनमध्ये एक विचित्र गोष्ट दिसली. मनोरुग्णालयातून आईवडिलांकडे किंवा जोडीदाराकडे परतलेल्यांपेक्षा भावंडांकडे किंवा भाड्याच्या खोलीत राहायला गेलेले लोक पुन्हा दाखल न होता जास्त टिकत होते. पुढच्या संशोधनातून कारण उलगडलं. घरात सतत टोमणे, चिडचिड किंवा उलट अतिकाळजी असेल, आणि आठवड्याला 35 तासांहून जास्त काळ माणसं समोरासमोर असतील, तर आजार उलटण्याचा धोका बराच वाढतो. आठवड्याला 35 म्हणजे रोजचे पाच तास. दहा बाय बाराच्या खोलीत रोजचे पाच तास टाळायचे कसे? बाप सकाळच्या लोकलने जातो तो रात्री येतो, त्याचा हिशेब कमीच भरतो. सगळे तास वाट्याला येतात ते आईच्या किंवा वहिनीच्या. तिची चिडचिड झाली तर तो तिच्या स्वभावाचा दोष नव्हे, जागेचं गणित आहे. आपल्या घरांत आपुलकी नाही, असंही कुणी म्हणू नये. ज्युलियन लेफ आणि नरेंद्र विग या मानसोपचारतज्ज्ञांच्या चंडीगडमधल्या अभ्यासात असं टोचणारं वातावरण लंडनच्या तुलनेत बरंच कमी घरांत आढळलं. तरी ज्याची आई पंचाहत्तरीची आहे आणि भावाचा संसार पोटमाळ्यावर आहे, त्याला "घरी न्या" म्हणणं हा सल्ला अपुराच पडतो. दिवसाचे काही तास जाण्याजोगं डे-केअर किंवा काम मिळालं, तर तेच घर पुरेसं ठरू शकतं.

आणि ज्यांना घरच नाही? चेन्नईच्या 'द बनियन' संस्थेने 2015 च्या सुमारास 'होम अगेन' नावाचा प्रयोग सुरू केला. साध्या वस्तीत घर भाड्याने घ्यायचं, चार-पाच जणांनी एकत्र राहायचं, मदतीला एखादी व्यक्ती सोबत. ही मदतनीस बहुधा आसपासचीच बाई, पदवीधर तज्ज्ञ नव्हे. बाजार, स्वयंपाक, भांडणं, टीव्हीवर काय लावायचं यावरून रुसवे, सगळं त्यांचं त्यांनीच. रुग्णालयात राहिलेल्यांच्या तुलनेत दीड वर्षात या लोकांचा समाजातला वावर वाढल्याचं आढळलं. महाराष्ट्रात रत्नागिरीत ही पद्धत आली.

लंडनचं फ्रायर्न रुग्णालय 1993 मध्ये बंद झालं (त्या इमारतीत आता उंची फ्लॅट आहेत, हे ठाणेकरांनी मनाशी नोंदवून ठेवावं). तिथल्या आणि क्लेबरी रुग्णालयाच्या सुमारे सातशे जुन्या रुग्णांवर लेफ यांच्या गटाने पाच वर्षं लक्ष ठेवलं. आजाराची लक्षणं फारशी बदलली नाहीत. काहींना मधूनमधून पुन्हा दाखलही व्हावं लागलं. पण मैत्री वाढली, मनातलं बोलण्याजोगी माणसं मिळाली. रस्त्यावर आले ते अगदी थोडे, आणि परत वॉर्डात जायची इच्छा जवळजवळ कुणालाच नव्हती. हा निकाल मला सर्वांत प्रामाणिक वाटतो. आजार राहतो, आयुष्य बदलतं.

घाई केली तर काय होतं तेही सांगायला हवं. दक्षिण आफ्रिकेच्या खाउटेंग प्रांताने 2015-16 मध्ये खर्च वाचवण्यासाठी 'लाइफ एसिडिमेनी' या संस्थेशी करार मोडला आणि सतराशेच्या आसपास लोकांना तयारी नसलेल्या छोट्या संस्थांत हलवलं. नोंदी नीट गेल्या नाहीत, औषधं वेळेवर गेली नाहीत, काही ठिकाणी पोटभर अन्नही नव्हतं. 144 माणसं दगावली.

म्हणून तयारी आधी, सामान नंतर. 2016 च्या आधी आत गेलेल्याला जुनी पाचशेची नोट माहीत असते. नवी त्याला खोटी वाटते, आणि क्यूआर कोड म्हणजे तर भिंतीवरची नक्षी. आधार, बँक खातं, दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र (2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजार मोडतो) ही कागदपत्रं वॉर्डातच करून ठेवावी लागतात. पत्त्याच्या पुराव्याशिवाय यातलं पुष्कळसं अडतं आणि मनोरुग्णालयाचा पत्ता घालायला माणूस बिचकतो. रोजच्या गोळ्या आठवणीने घेणं ज्यांना अवघड जातं, त्यांना दोन-चार आठवड्यांतून एकदा घ्यायचं इंजेक्शन सोयीचं पडतं. सोबत कुणीतरी घेऊन ठाण्याहून मुलुंडपर्यंत लोकलने एक फेरी, मग एकट्याने. भाजीवाल्याशी घासाघीस. स्वतःची किल्ली स्वतःच्या खिशात. एवढ्यालाही काही महिने सहज जातात, आणि ते जाऊ द्यावेत.

मुंबईत यापुढची अडचण भाड्याची आणि सोसायटीची. भाडं निदान आकड्यात मांडता येतं, सोसायटीची भीती येत नाही. सेक्रेटरी म्हणणार, "आमच्याकडे लहान मुलं आहेत." इथेही लंडनमधला एक अभ्यास कामाला येतो, आणि त्याच्या लेखकांत एक ओळखीचं नाव आहे: सौमित्र पाठारे, ज्यांनी पुढे पुण्यात राहून आपल्या 2017 च्या कायद्याचा मसुदा करायला मदत केली. दोन वस्त्यांत रुग्णांसाठी घरं निघणार होती. एकीत शेजाऱ्यांसाठी माहितीची मोहीम घेतली, भेटीगाठी घडवल्या, दुसरीत नाही. मोहिमेनंतर शेजाऱ्यांचं मानसिक आजाराबद्दलचं ज्ञान थोडंसंच वाढलं, पण भीती आणि झिडकारणं कमी झालं आणि नव्या रहिवाशांशी येणंजाणं सुरू झालं. तेव्हा सेक्रेटरीने व्याख्यान ठेवायला सांगितलं तर जरूर ठेवावं, पण त्याआधी राहायला येणाऱ्या चौघांना सेक्रेटरीच्या घरी एकदा घेऊन जावं.