मागुराचे प्रेरित प्रजनन आणि नराची अडचण

मृगाचा पाऊस होऊन गोदावरीला नवे पाणी आले की मासे प्रवाहाविरुद्ध चढू लागतात, हे पैठणपासून नांदेडपर्यंतच्या भोई वस्त्यांत कोणाला सांगावे लागत नाही. या चढणीमागे संप्रेरकांची एक साखळी असते. पाण्याचा बदललेला थंडावा आणि वाढलेला प्रवाह यांची दखल मेंदूतील हायपोथॅलॅमस घेतो, त्याच्या इशाऱ्यावर पीयूषिका ग्रंथी रक्तात संप्रेरक सोडते आणि मादीच्या पोटातील अंडी पूर्ण पक्व होऊन मोकळी होतात. तलावात किंवा टाकीत कोंडलेल्या मादीची अंडी भरतात खरी. पण पुराची चाहूलच नसल्याने हा शेवटचा इशारा मिळत नाही आणि बऱ्याचदा ती अंडी पोटातच जिरून जातात.

हा इशारा सुईने देता येतो, हे भारतात डॉ. हिरालाल चौधरी यांनी 10 जुलै 1957 रोजी ओडिशातील अंगुल येथे सिद्ध केले. कार्प, म्हणजे रोहू-कटल्याच्या कुळातील माशांच्या पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून त्यांनी कार्प माशांकडूनच अंडी मिळवली. आता ग्रंथी गोळा करण्याची यातायात उरलेली नाही. तयार औषधात सामन माशाच्या संप्रेरकाशी साधर्म्य असलेले कृत्रिम संयुग असते आणि जोडीला डॉम्पेरिडोन, म्हणजे आपण उलटीवर घेतो तेच औषध. माशाच्या मेंदूतील डोपामिन पीयूषिकेला सतत आवरून धरत असते. डॉम्पेरिडोन ही आडकाठी दूर करते. रोहू, कटल्याच्या मादीला दर किलो वजनामागे साधारण अर्धा मिलिलिटर मात्रा पुरते, मग मादी अंडी आणि नर मिल्ट, म्हणजे शुक्रद्रव, कुंडात आपणहून सोडतात आणि मत्स्यजिरे, म्हणजे अगदी बारीक पिल्ले, हाती येतात.

मागुराच्या बाबतीत मात्र काम इतके सरळ नाही. हवेतूनही श्वास घेणारा, आटत चाललेल्या तळ्याच्या चिखलात तग धरणारा हा मासा दुष्काळी मराठवाड्याच्या स्वभावाचा म्हणावा असाच. तरीही धोक्यातील जातींच्या जागतिक लाल यादीत त्याची नोंद संकटग्रस्त म्हणून आहे. पोट मऊ व फुगीर असलेली, जननद्वाराशी लालसर झालेली मादी निवडून तिच्या पाठीच्या स्नायूत सुई देतात. साधारण सतरा तासांनी तिचे पोट अंगठ्याने हलकेच दाबले की तपकिरी अंडी कोरड्या पातेल्यात घरंगळतात. नराचे पोट कितीही दाबले तरी पुरेसे मिल्ट येत नाही. त्यामुळे नराला मारून वृषण काढावे लागतात, ते मिठाच्या सौम्य द्रावणात कुस्करून अंड्यांवर ओततात आणि पिसाने ढवळतात. अंडी चिकट असल्याने ती पसरून ठेवावी लागतात. एका दिवसाच्या आसपास पिल्ले बाहेर येतात.

खाण्याच्या माशाचे बीज, म्हणजे पाळायची पिल्ले, करायचे असेल तर ही किंमत परवडते. जी जात वाचवायची आहे तिचा नर प्रत्येक हंगामात मारणे ही, माझ्या मते, या पद्धतीची सर्वांत मोठी उणीव आहे. शिवाय एका जोडीपासून निघालेली हजारो पिल्ले सख्खी भावंडे असतात आणि त्यांच्यातच पुढची वीण झाली तर जात कमजोर होते. नदीत लाखभर बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्ले, सोडल्याची बातमी वाचताना त्यांचे आईबाप किती होते, हे कोणी विचारत नाही. प्रश्न मात्र तोच महत्त्वाचा. लखनौच्या राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरोने माशांचे मिल्ट उणे 196 अंश सेल्सिअसच्या द्रव नायट्रोजनमध्ये जपण्याच्या पद्धतींवर काम केले आहे. मागुरासाठी हा मार्ग रुळला, तर मारलेल्या एका नराचे मिल्ट अनेक माद्यांसाठी, वेगवेगळ्या हंगामांत वापरता येईल.

दुसरा धोका भेसळीचा आहे. बाजारात ‘थाई मागूर’ म्हणून विकला जाणारा मासा मूळचा आफ्रिकेचा. त्याच्या पालनावर भारतात 2000 पासून बंदी असली तरी तो दिसतोच. देशी मागुराशी त्याचा संकर होऊ शकतो आणि संकरित पिल्लू लहानपणी ओळखणे अवघड असते. म्हणून प्रजनक मासे कुठल्या पाण्यातले आहेत, याची नोंद प्रत्येक केंद्राने सुई भरण्याआधीच ठेवली पाहिजे.

बीज सोडायचे कुठे, हेही ठरवावे लागते. नाथसागरासारखा खोल, उघडा जलाशय मागुराला मानवत नाही. त्याला गवत-झुडपांचे उथळ, गाळाचे पाणी लागते. मराठवाड्यात असे डोह आणि गावतळी मे महिन्यापर्यंत ओली राहिली, तरच जूनमध्ये तिथल्या तिथे विणीसाठी नर-मादी शिल्लक असतील.