स्मार्टवॉचचा पाण्यातील वापर (बेळगाव सीमाभाग)

स्मार्टवॉच घालून पाण्यात उतरताना किंवा पाण्याजवळ वावरताना घ्यायची काळजी. घड्याळ टिकावे, त्यातल्या नोंदी भरवशाच्या राहाव्यात आणि घड्याळाच्या भरवशावर माणूस भलत्या पाण्यात उतरू नये, असा तिचा तिहेरी हेतू. कर्नाटकातील बेळगाव (२०१४ पासून अधिकृत नाव बेळगावी) जिल्ह्याच्या खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या मराठी वस्तीच्या पट्ट्यात पाण्याशी गाठ तऱ्हेतऱ्हेने पडते. उन्हाळ्यात मळ्यातली विहीर, पावसाळ्यात मलप्रभेपासून कृष्णेपर्यंत फुगलेल्या नद्या, शहरात गोवावेसचा जलतरण तलाव आणि बारा महिने न्हाणीघरातला बंब. घड्याळाच्या खोक्यावर मात्र या सगळ्यांसाठी एकच आकडा छापलेला असतो, आणि बहुतेक घोटाळे त्या आकड्यापासूनच सुरू होतात.

दुकानदार सर्रास ‘वॉटरप्रूफ’ म्हणतो. घड्याळांच्या मानकांत तो शब्द वापरत नाहीत. घड्याळ पाण्याच्या किती दाबाला दाद देत नाही, एवढेच ती सांगतात. हा दाब एटीएममध्ये (ॲटमॉस्फिअर, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या पटीत) मोजतात. १ एटीएम म्हणजे पाण्याच्या सुमारे १० मीटर खोलीचा दाब, म्हणून ‘५ एटीएम’ आणि ‘५० मीटर’ या दोन्हींचा अर्थ एकच. गोकाकचा धबधबा सुमारे ५२ मीटर उंच आहे. तेवढ्या उंचीची नळी पाण्याने भरून उभी केली, तर तिच्या तळाशी साधारण ५ एटीएमचा दाब पडेल. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या २२८१० क्रमांकाच्या, २०१० च्या मानकातली चाचणी अशा दाबाची असली, तरी तिच्यात घड्याळ नवे कोरे असते, पाणी स्वच्छ आणि स्थिर असते, दाबही मोजकी मिनिटेच दिला जातो. शिवाय एकूणएक घड्याळ तपासलेच पाहिजे अशी सक्ती नाही. तेव्हा ‘५० मीटर’ हा ५० मीटर खोल जायचा परवाना नव्हे, आणि गोकाकच्या धारेखाली मनगट धरायचा तर नव्हेच. पाणबुड्यांच्या घड्याळांचे मानक, आयएसओ ६४२५, अधिक कडक आहे. त्यात प्रत्येक घड्याळ नेमून दिलेल्या दाबाच्या सव्वापट दाबाखाली तपासावे लागते.

स्वस्त घड्याळांवर एटीएमऐवजी ‘आयपी ६७’ किंवा ‘आयपी ६८’ लिहिलेले असते. यातला पहिला अंक धुळीचा, दुसरा पाण्याचा. ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. ८ म्हणजे त्याहून अधिक, पण किती ते कंपनी ठरवणार. बेळगावच्या खडेबाजारातून ब्लूटूथ कॉलिंगचे घड्याळ घेताना हा फरक कोणी विचारत नाही. हात धुण्याला आणि कणकुंबी-जांबोटीच्या पावसात छत्री उलटी झाली तरी आयपीचे घड्याळ पुरते. पोहायचे असेल तर खोक्यावर ५ एटीएम शोधावे आणि ‘पोहण्यास योग्य’ असे कंपनीने स्पष्ट लिहिले आहे का, तेही पाहावे.

विहिरीत घड्याळाची परीक्षा खोलीने होत नाही, उडीने होते. काठापासून पाच मीटर खाली पाणी असेल, तर सूर मारणारा पोरगा पाण्याला लागेपर्यंत त्याचा वेग सेकंदाला जवळजवळ १० मीटर, म्हणजे ताशी ३५ किलोमीटर झालेला असतो. नुसत्या वेगाचा दाब हिशेबाने पाच मीटर खोलीएवढाच भरतो. तो ५ एटीएमच्या घड्याळाला जड नाही. पण मुटका मारताना मनगट सपाट पाण्यावर आपटले तर क्षणभराचा तडाखा याच्या कितीतरी पट असतो, आणि तो रबरी सीलवर, काचेच्या कडेवर आणि पट्ट्याच्या पिनेवर बसतो. पाणी शिरण्याआधी पट्टाच सुटण्याचा संभव अधिक. एरवी तळ काढून मूठभर गाळ वर आणून दाखवण्याची पैज लागते. पट्टा सुटला त्या दिवशी त्याच गाळात घड्याळ चाचपडावे लागते. चुंबकाचा किंवा चामड्याचा पट्टा विहिरीवर नेऊ नये. बक्कल लावायचा सिलिकॉनचा पट्टा एक भोक घट्ट करून घालावा, आणि उडी मारायची असेल तर घड्याळ काठावरच्या सदऱ्याच्या खिशात ठेवावे, हे सगळ्यांत स्वस्त.

विहिरीपेक्षा न्हाणीघर वाईट, हे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. पाणी बारीक फटीतून आत जात नाही याचे एक कारण त्याचा पृष्ठताण. साबण आणि शांपू तो कमी करतात आणि जिथे थेंब अडला असता तिथून पाणी झिरपू लागते. दिवाळीच्या अभ्यंगस्नानात तेल आणि उटणे यांची भर पडते. तेलाने रबर फुगते आणि उटण्याचा लगदा माइकच्या भोकात बसतो. बंबातल्या कढत पाण्याची गोष्ट आणखी वेगळी. उष्णतेने आतली हवा प्रसरण पावते, सील सैल पडते, मग अंगावर गार पाणी घेतले की हवा आकसते आणि बाहेरचा ओलावा आत ओढते. वाफ तर थेंबापेक्षा सूक्ष्म. काचेच्या आत धुके दिसले तर ओलावा आधीच आत गेला, असे समजावे. मानकातही याची चाचणी आहे : घड्याळ ४० ते ४५ अंशांपर्यंत तापवून काचेवर गार पाण्याचा थेंब ठेवतात आणि आत धुके धरते का ते पाहतात.

रंगपंचमीला आणि कपिलेश्वर तलावावरच्या विसर्जनाला धोका पाण्याचा कमी, पाण्यात कालवलेल्या रंगाचा आणि मातीचा जास्त.

पाण्यात घड्याळाची काही अंगे गोंधळतात, पण तो बिघाड नव्हे. पडदा बोटातली वीजवाहकता ओळखून चालतो आणि पाणीही वीज वाहते. त्यामुळे ओला पडदा आपोआप फोन लावतो, व्यायामाची नोंद बंद करतो. यासाठीच ‘वॉटर लॉक’ असते. ते लावले की पडदा स्पर्श घेत नाही. बाहेर आल्यावर ते काढताना काही घड्याळे स्पीकरमधून घरघर आवाज करून भोकातले पाणी उडवतात. ॲपलने ही युक्ती २०१६ च्या सीरीज २ मध्ये आणली. नाडी मोजणारा हिरवा प्रकाश कातडी आणि घड्याळ यांच्यामध्ये पाणी आले की चुकतो, म्हणून पोहतानाचे ठोके अंदाजाचेच धरावेत. जीपीएसच्या लहरी पाण्यात शिरत नाहीत. हात पाण्यावर येतो तेवढ्या क्षणापुरते घड्याळ उपग्रह पकडते. बेडकासारखे पोहणाऱ्याचा हात वर येतच नाही, आणि हिडकलच्या जलाशयात सरळ पोहलेली रेघ नकाशावर वेडीवाकडी उमटते. जलतरण तलावात जीपीएस लागतच नाही. तिथे लांबी २५ की ५० मीटर ते आधी सांगावे लागते आणि घड्याळ वळणे मोजते. गोल विहिरीत घिरट्या घालणाऱ्यासाठी असा कोणताही हिशेब अजून निघालेला नाही.

पोहून झाल्यावर घड्याळ साध्या गोड्या पाण्याने धुवावे. तलावातले क्लोरीन, गोव्याच्या किनाऱ्यावरचे खारे पाणी आणि कृष्णेचा पुराचा गाळ, तिन्ही सील आणि धातू खातात. मऊ कापडाने पुसावे, पट्टा सोडून मनगटही कोरडे करावे; ओल्या पट्ट्याखाली कातडी लाल होऊन खाज सुटते. भोकात टाचणी घालू नये, कारण आत हवेचा दाब मोजणाऱ्या संवेदकाचा पातळ पडदा असू शकतो. त्या भोकात थेंब राहिला तर चोर्ला घाट उतरताना घड्याळ भलतीच उंची दाखवते; वाळले की ठीक होते. ओले घड्याळ चार्जिंगला लावू नये. धक्का बसत नाही, पण पिना हिरव्या पडून झिजतात.

घड्याळ तांदळाच्या डब्यात पुरण्याचा उपाय भातपट्ट्यात फार लोकप्रिय आहे. तांदूळ बेळगाव बासमती असो की इंद्रायणी, घड्याळाच्या पोटातले पाणी तो ओढून घेत नाही. उलट त्याचा कोंडा भोकात जातो. पाणी शिरल्याचा संशय आल्यास घड्याळ बंद करून पंख्याच्या वाऱ्यावर ठेवावे, उन्हात किंवा चुलीजवळ नको. मागची बाजू फुगलेली दिसली तर बॅटरी बिघडली आहे. असे घड्याळ मनगटावर घालू नये आणि चार्जही करू नये.

खोक्यावरचा आकडा जन्मभराचा नसतो. रबर वयाने कडक होते, पडझडीने काचेची कड हलते. बाजारात काच किंवा बॅटरी बदलून घेतल्यावर कारखान्यातला सीलबंदपणा बहुधा राहत नाही. असे घड्याळ फक्त पावसापुरते समजावे. पाण्याने झालेले नुकसान वॉरंटीत सहसा धरत नाहीत.

घड्याळाचे आणीबाणीचे बटण पाण्यात कामाला येईल असे धरून चालू नये. बहुतेक घड्याळे काठावरच्या फोनवर अवलंबून असतात आणि ब्लूटूथची लहर पाण्याखाली टिकत नाही. खानापूरच्या जंगलातल्या धबधब्यांवर तर फोनलाच रेंज नसते. पावसाळ्यात कल्लोळ-येडूरसारखे बंधारे पाण्याखाली जातात, तेव्हा कृष्णेच्या ओढीचा अंदाज मनगटावरून येत नाही, तो काठावरच्या माणसांना विचारावा लागतो. उलट गंमत अशी, की काही घड्याळांत पडल्याचा धक्का ओळखणारी सोय असते. विहिरीतली उडी तिला अपघात वाटू शकते. पोरगा पायऱ्यांवर अंग पुसत बसलेला असतो आणि इकडे आईच्या फोनवर तो पडल्याचा निरोप येऊन थडकतो.