बोरूच्या गाठीतला गुलाबी रंग

गेल्या उन्हाळ्यात मी वावरातून दोन ढेकळं घरी आणली. एक, जिथं तीन वर्षं पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) ओळींमध्ये बोरू, म्हणजे ताग, घेतला तिथलं. दुसरं धुऱ्यालगतच्या, वखरून मोकळ्या ठेवलेल्या पट्ट्यातलं. दोन्ही लिंबाएवढी, सावलीत खडखडीत वाळवलेली. काचेचे दोन ग्लास पाण्यानं भरले आणि एकेकात एकेक ढेकूळ हलकेच सोडलं. मोकळ्या पट्ट्यातल्या ढेकळातून बुडबुडे निघाले, कडा गळून पडल्या आणि चहाला उकळी यायच्या आत तळाशी नुसता गाळ उरला. बोरूतल्या ढेकळाचेही थोडे कण सुटले, पण संध्याकाळपर्यंत ते ढेकूळच राहिलं. काकाजींनी दोन्ही ग्लास उजेडात धरून पाहिले आणि विचारलं, "एकाच वावरातली माती हाय न हे?"

माती एकच. कमी-जास्त झाला तो तिच्यातला डिंक. कोरड्या ढेकळात पाणी शिरतं तेव्हा आतली हवा कोंडते आणि बाहेर पडायला ढेकूळ फोडते. ते बुडबुडे त्याचेच. मातीचे कण एकमेकांना घट्ट धरून असतील तर ते हा दाब सोसतात. हे धरून ठेवण्याचं काम जिवंत मुळं आणि त्यांच्याभोवतीचे जिवाणू करतात. मुळं साखरेसारखे पदार्थ मातीत सोडतात, जिवाणू ते खाऊन चिकट द्रव तयार करतात, आणि बुरशीचे बारीक धागे कणांभोवती दोऱ्यासारखे गुंडाळले जातात. वावर उघडं आणि मुळांशिवाय राहिलं, की या सगळ्यांची उपासमार होते. जुना डिंक कुजून संपतो, नवा तयार होत नाही.

विदर्भाच्या काळ्या मातीत याला फार महत्त्व आहे. या मातीतली चिकणमाती पुस्तकाच्या पानांसारख्या थरांची असते. पाणी पानांमध्ये शिरलं की ती फुगते, वाळली की आक्रसते; उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या याच कारणानं. मृगाचा पहिला पाऊस भेगांतून सरळ खाली उतरतो. पण माती फुगून भेगा मिटल्या, की पुढचं पाणी मुरायला मुळांच्या आणि गांडुळांच्या वाटाच उरतात. त्या नसतील तर झडीचं पाणी वरूनच नाल्याला लागतं आणि जाताना सगळ्यात कसदार थर घेऊन जातं. त्यात थेंबांचा मारा. पावसाचा मोठा थेंब ताशी सुमारे 30 किलोमीटर वेगानं जमिनीवर आदळतो. उघड्या मातीचे कण त्यानं उडतात, बारीक छिद्रं बुजतात आणि ऊन पडलं की वर पापडी धरते. तोच थेंब पानावर पडला तर त्याचा जोर तिथंच मोडतो.

बोरूसारख्या आच्छादन पिकाचं पहिलं काम हे, जमीन झाकण्याचं. दुसरं काम मातीच्या आत चालतं, आणि ते प्रत्येक कास्तकारानं एकदा तरी स्वतःच्या डोळ्यांनी पाहावं असं मला मनापासून वाटतं. पेरून महिना झालेला बोरू खुरप्यानं मातीसकट उचला; ओढू नका, गाठी तुटून मातीत राहतात. मुळं पाण्यात हलकेच धुतली की बारीक गाठी दिसतील. एक गाठ नखानं चिरा. आतून गुलाबी, थोडी रक्ताच्या रंगाकडे झुकणारी निघाली, तर तिथं कारखाना सुरू आहे. हवेत 78 टक्के नत्र (नायट्रोजन) असतं, पण झाडाला ते तसंच घेता येत नाही. गाठीत राहणारे रायझोबियम जिवाणू त्याचा अमोनिया करतात आणि बदल्यात झाडाकडून साखर घेतात. या कामाला प्राणवायू बाधतो, म्हणून झाड गाठीत आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या नात्यातलं एक प्रथिन भरतं. ते प्राणवायू धरून ठेवतं आणि बेताबेतानं सोडतं. गुलाबी रंग त्या प्रथिनाचा. पांढरी गाठ म्हणजे जिवाणू कामाचा नाही, हिरवट-तपकिरी म्हणजे काम आटोपलं. हे जिवाणू 1888 मध्ये बायरिंक या डच शास्त्रज्ञानं पहिल्यांदा वेगळे करून दाखवले. पण डाळवर्गीय पिकानंतर ज्वारी जोमदार येते, हे आपल्या जुन्या लोकांना त्याच्याही आधीपासून ठाऊक होतं.

हिशेब मांडू. नुसता बोरू पेरून तो चांगला वाढला, तर हेक्टरी 15 टनांच्या आसपास हिरवा पाला मिळतो. त्यात 0.4 टक्के नत्र धरलं तर 60 किलो, म्हणजे एकरी 24. युरियाच्या 45 किलोंच्या गोणीत साधारण 21 किलो नत्र असतं. म्हणजे गोणीहून थोडं जास्तच, पण ते एकदम हाती येत नाही. पाला कुजेल तसं सुटतं. कापायची वेळ मात्र चुकवू नये. कळ्या दिसू लागल्या, फार तर पहिली फुलं आली, की कापायचा. पेरणीपासून 45-50 दिवस. पुढं खोड वाखाळ, दोरासारखं चिवट होतं. अशा खोडात कर्ब (कार्बन) फार, नत्र थोडं. ते मातीत गाडलं तर जिवाणू स्वतःच्या वाढीसाठी मातीतलंच नत्र उचलतात आणि पऱ्हाटी पिवळी पडते. आम्ही पहिल्या वर्षी उशीर केला आणि नेमकं हेच झालं.

बायोडायनॅमिक म्हणजे जैवगतिशील शेतीत आच्छादन पिकांना, कंपोस्टला आणि गुरांना मोठं स्थान आहे. ही पद्धत रुडॉल्फ स्टायनर यांनी जून 1924 मध्ये कोबरविट्झ इथं दिलेल्या आठ व्याख्यानांतून सुरू झाली. ते गाव तेव्हा जर्मनीत होतं, आज पोलंडमध्ये आहे. गायीच्या शिंगात शेण भरून हिवाळाभर पुरायचं, मग एकरी 25-30 ग्रॅम पाण्यात तासभर घुसळून शिंपडायचं, चंद्राची स्थिती पाहून पेरायचं, असाही भाग तिच्यात आहे. माझं मत स्पष्ट सांगतो. 25 ग्रॅम शेणातून एकराला खत मिळत नाही, आणि चंद्रावरून पेरल्यानं उत्पन्न वाढतं याला भक्कम पुरावा नाही. पेरायचं ते वाफसा पाहून, म्हणजे मातीत ओल आहे पण चिखल नाही अशा वेळी. पण या शेतीतल्या मातीचं काय होतं, ते नीट मोजलेलं आहे. स्वित्झर्लंडमध्ये थेरविल इथं 1978 पासून बायोडायनॅमिक, सेंद्रिय आणि रासायनिक शेती शेजारी-शेजारी करून पाहतात. 21 वर्षांचे निष्कर्ष 2002 मध्ये प्रसिद्ध झाले. बायोडायनॅमिक आणि सेंद्रिय वाफ्यांत उत्पन्न सुमारे 20 टक्के कमी आलं, पण मातीच्या कणांची पकड 10 ते 60 टक्के जास्त होती आणि गांडुळंही जास्त. माझ्या ग्लासातलं ढेकूळ तेच सांगत होतं. हे श्रेय मी शिंगाला देणार नाही. शेणखताला, फेरपालटाला आणि मुळांना देईन.

त्याच 1924 मध्ये इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड इंदूरच्या संस्थेत कापसावर काम करू लागले आणि पऱ्हाट्या, पालापाचोळा, शेण यांचं कंपोस्ट करण्याची इंदूर पद्धत त्यांनी बसवली. ती तर आपल्याच काळ्या मातीतली. आणि अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याचे, नैसर्गिक शेतीचे प्रचारक सुभाष पाळेकर आच्छादन आणि वाफसा हे दोन शब्द गावोगाव सांगत फिरले. त्यांच्या जिवामृताबद्दल (शेण, गोमूत्र, गूळ आंबवून केलेल्या द्रवाबद्दल) वाद होऊ शकतो, आच्छादनाबद्दल होऊ नये.

आता खरी अडचण. कोरडवाहू वावरात जून ते डिसेंबर पऱ्हाटी उभी असते, उलंगवाडीनंतर, म्हणजे शेवटची वेचणी आटोपल्यावर, ओल नसते आणि गुरं मोकाट सुटतात. मग आच्छादन पीक घ्यायचं कधी? आमच्याकडे जमलं ते असं: पऱ्हाटी टोबल्यावर (हातानं बी लावल्यावर) त्याच आठवड्यात दोन ओळींच्या मधोमध बोरूची किंवा बरबटीची (चवळीची) एक ओळ. बोरू पऱ्हाटीच्या डोक्यावर जाऊ द्यायचा नाही. तो कापून तिथंच ओळीत पसरायचा, गाडायचा नाही. झडीत डवरा (तण काढायचं बैलाचं अवजार) चालत नाही तेव्हा हा पाला तण दाबून धरतो. पाऊस ताणला तर मात्र बोरू पाण्यात वाटेकरी होतो, तेव्हा 30 दिवसांचा असला तरी कापावा. हलक्या, मुरमाड जमिनीत बोरूऐवजी मूग-उडीद बरा. शेंगा घरात, पाला वावरात.

झाडीपट्टीत हा प्रश्न फार पूर्वीच सुटला आहे. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे धान कापायच्या आधी, बांधीत (धानाच्या वाफ्यात) ओल असतानाच, उभ्या धानात लाखोळी (लाख डाळ) किंवा जवस फेकतात. धान निघतो तेव्हा खाली हिरवं उगवून आलेलं असतं. नांगर नाही, वेगळं पाणी नाही. याला उतेरा म्हणतात. जगभर आज बिननांगरणीच्या शेतीचं कौतुक होतं, ते आपल्याकडच्या बायामाणसांनी टोपलीतून बी फेकून कधीच साधलं होतं.

बरबटीचा आणखी एक गुण. तिच्यावर मावा ही रस शोषणारी कीड येते, माव्यामागे ढालकिडे (लेडीबर्ड) येतात आणि ते पऱ्हाटीवरचा मावाही खातात. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली. एक फवारणी जरी अशा किड्यांमुळे वाचली, तरी माझ्या लेखी ती मोठी कमाई आहे. पऱ्हाट्या मात्र आच्छादन म्हणून अख्ख्या वावरात सोडू नयेत. त्यांच्या बोंडांत गुलाबी बोंडअळी पुढच्या हंगामापर्यंत दडून बसते. त्या बारीक करून कंपोस्टमध्ये घालाव्यात.

परसबागेत तर सगळं सोपं. वांगी निघाली की वाफा रिकामा न ठेवता मूठभर बरबटी टाकावी आणि फुलावर आली की विळ्यानं बुडातून कापावी, मुळं मातीतच राहू द्यावीत.

यंदा कापणीचा दिवस काकाजींनी ठरवला. सकाळी दवात ते वावरात गेले, तीन-चार ठिकाणचा बोरू खुरप्यानं उचलला, बादलीत मुळं धुतली आणि एकेक गाठ नखानं चिरली. दुपारी मला बांधावरूनच हाक मारून म्हणाले, "अजून गुलाबी हाय. चार दिवस थांब."