लाईट जाते तेव्हा डेटाबेसमध्ये काय बिघडते?

कापसाचा हंगाम सुरू झाला की वणी, पांढरकवडा, हिंगणघाट या पट्ट्यातील जिनिंगसमोर गाड्यांच्या रांगा लागतात आणि प्रत्येक गाडीचे वजन, दर व चुकारा काट्यावरच्या संगणकातून डेटाबेसमध्ये नोंदवला जातो. नेमकी त्याच वेळी लाईट गेली आणि यूपीएसची बॅटरी थकलेली असली, तर सर्व्हर पुन्हा सुरू होताना कधी कधी 'अमुक फाइलच्या अमुक ब्लॉकमधील पान अवैध आहे' अशी त्रुटी दाखवतो.

डेटाबेस आपली माहिती ठरावीक आकाराच्या पानांत ठेवतो. पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेस प्रणालीत हे पान सहसा ८ किलोबाइटचे, तर मायएसक्यूएल या दुसऱ्या प्रणालीच्या इनोडीबी या साठवणूक भागात १६ किलोबाइटचे असते. डिस्क मात्र ५१२ किंवा ४०९६ बाइटचे तुकडे लिहीत जाते. त्यामुळे १६ किलोबाइटच्या पानाचे ४०९६ बाइटच्या चारपैकी दोनच तुकडे लिहून झाले असताना वीज गेली, तर अर्धे पान नवे आणि अर्धे जुने राहते. यावर उपाय म्हणून इनोडीबी प्रत्येक पान आधी एका वेगळ्या जागी लिहून ठेवते, तर पोस्टग्रेएसक्यूएल चेकपॉइंटनंतर, म्हणजे स्मृतीतील बदल डिस्कवर उतरवण्याच्या टप्प्यानंतर, पान पहिल्यांदा बदलताना ते संपूर्ण पान लॉगमध्ये, म्हणजे बदलांच्या नोंदवहीत, उतरवते. तरीही फाइल बिघडते, कारण काही डिस्क माहिती स्वतःच्या तात्पुरत्या स्मृतीत असतानाच 'लिहून झाले' असे कळवतात, किंवा वेग वाढवण्यासाठी कुणीतरी हे संरक्षण बंद केलेले असते. सदोष रॅम हे आणखी एक कारण. बिघाड वेळीच उघडकीला यावा म्हणून चेकसम, म्हणजे पानातील माहितीवरून काढलेला पडताळणीचा आकडा, असते; २०२५ मधील पोस्टग्रेएसक्यूएल १८पासून नव्या डेटाबेससाठी ते आपोआप चालू असते.

त्रुटी दिसताच दुरुस्तीची आज्ञा देणे, हीच माझ्या मते सर्वांत महागात पडणारी घाई आहे. आधी सर्व्हर बंद करावा, लॉगसह संपूर्ण डेटा फोल्डर दुसऱ्या, धडधाकट डिस्कवर उतरवून घ्यावे आणि पुढचे सगळे प्रयोग त्या प्रतीवरच करावेत. जागा अडवतात म्हणून लॉग फाइली पुसून टाकणे तर कटाक्षाने टाळावे, कारण डिस्कवरील पानांपर्यंत न पोहोचलेले व्यवहार केवळ त्यांतच असू शकतात. मूळ डिस्कच खराब होत चालली आहे का, हेही लगेच तपासावे.

बिघडलेले पान इंडेक्सचे, म्हणजे नोंदी पटकन शोधण्यासाठीच्या सूचीचे, असेल तर फारशी चिंता नाही. इंडेक्स मूळ तक्त्यावरून पुन्हा बांधता येतो. पान तक्त्याचेच असेल, तर बॅकअप आणि त्यानंतरचे लॉग हाच भरवशाचा मार्ग. बॅकअप नसेल, तर इनोडीबीची सक्तीची पुनर्प्राप्ती, म्हणजे बिघाड असूनही सर्व्हर सुरू करण्याची सोय, १ या पातळीपासून एकेक पायरी वाढवत पाहता येते. मात्र ४ व त्यापुढील पातळ्यांनी फाइल कायमची बिघडू शकते. म्हणून सर्व्हर सुरू झाला, तरी त्यावर काम चालू न ठेवता, वाचता येईल तेवढा डेटा बाहेर काढून नव्या डेटाबेसमध्ये भरावा.

शेवटच्या बॅकअपनंतरच्या नोंदी एवढे करूनही हाती लागल्या नाहीत, तर काटापावत्यांच्या स्थळप्रती काढून त्यांवरून नोंदी पावती क्रमांकाने पुन्हा भराव्या लागतात आणि दिवसाच्या एकूण वजनाची बेरीज जुळल्यावरच चुकाऱ्याची यादी काढता येते.