लॅन्सेट (रक्तशर्करा तपासणीची सुई)

लॅन्सेट म्हणजे बोटाला टोचून रक्ताचा थेंब काढण्याची, एकदाच वापरायची निर्जंतुक सुई. घरी ग्लुकोमीटरवर शुगर तपासताना ती पेनसारख्या, स्प्रिंग असलेल्या उपकरणात बसवतात. बोलताना सुई आणि पेन दोन्हींना लॅन्सेटच म्हणतात, पण प्रत्येक सुई प्रत्येक पेनात बसत नाही. प्रयोगशाळेत मिळणारी चपटी पोलादी लॅन्सेट नुसत्या हाताने टोचतात. ती किती खोल जाईल हे टोचणाऱ्याच्या हातावर असते, म्हणून घरी ती नकोच.

सुईची जाडी गेजमध्ये सांगतात. आकडा वाढतो तशी सुई बारीक होते : 28 गेज म्हणजे सुमारे 0.36 मिमी, 30 गेज 0.3, तर 33 गेज 0.2. बारीक सुई कमी दुखते, पण थेंब अपुरा पडला तर पुन्हा टोचावे लागते आणि स्ट्रिपही (रक्त घेणारी मीटरची पट्टी) वाया जाते. आजच्या बहुतेक स्ट्रिपना 0.3 ते 1 मायक्रोलीटर रक्त पुरते.

शुगरचा आकडा चुकण्याचे मोठे कारण सुईत नसून न धुतलेल्या हातात असते. शर्करा 100 मिग्रॅ/डेसिलीटर असेल, तर अर्ध्या मायक्रोलीटर रक्तात ग्लुकोज अवघा अर्धा मायक्रोग्रॅम असतो. आंबा सोललेल्या बोटावर त्याहून कितीतरी जास्त साखर चिकटलेली असते. ती स्पिरिटच्या बोळ्याने नीट निघत नाही. साबण आणि पाणीच हवे. कोमट पाण्याने बोटात रक्तही सहज उतरते. नंतर बोट पूर्ण कोरडे करावे, कारण ओल्या कातडीवर थेंब पसरतो आणि रक्त पातळ होते. स्पिरिट लावलेच, तर ते उडून जाईपर्यंत थांबावे. हात धुणे शक्यच नसेल, तर पहिला थेंब पुसून दुसरा घ्यावा.

सुई पेनात दाबून बसवावी, तिची गोल टोपी पिळून काढावी आणि फेकू नये. पेनाचे झाकण लावून, सुई किती खोल जाईल हे ठरवणारी चकती 2 वर ठेवावी. लहान मुलांना 1 पुरतो, कष्टाच्या कामाने हात राठ झालेल्यांना 4-5 लागतो. स्प्रिंग ताणून पेन बोटाच्या टोकाच्या बाजूला घट्ट टेकवावे आणि बटण दाबावे. मधल्या गुबगुबीत भागात टोचल्यास जास्त दुखते. अंगठा आणि तर्जनी सोडली, तर दोन्ही हातांच्या तीन-तीन बोटांच्या दोन्ही कडा मिळून 12 जागा होतात. त्या आळीपाळीने वापराव्यात, नाहीतर घट्टे पडतात.

रक्त आले नाही की लोक आधी चकती वाढवतात. बहुधा पेन सैल टेकवलेले असते किंवा हात गार असतो. हात खाली सोडून तळव्याकडून बोटाकडे हलके चोळावे. टोकच पिळत राहिले, तर पेशींमधला द्रव रक्तात मिसळतो आणि आकडा बिघडतो. थेंब स्ट्रिपच्या कडेला नुसता टेकवावा. रक्त ती स्वतः ओढून घेते. काही मीटरांवर कोपर ते मनगट या भागातले रक्तही चालते, पण तिथली शर्करा बोटापेक्षा उशिरा बदलते. घाम, थरथर, म्हणजे शुगर उतरल्याची शंका असेल तेव्हा बोटच टोचावे.

तीच सुई पुन्हा वापरली, की टोक बोथट होऊन वाकते, जास्त दुखते आणि निर्जंतुकता तर पहिल्याच वापरात संपलेली असते. तरी काटकसर म्हणून अनेकजण ती आठवडाभर चालवतात. त्याहून वाईट म्हणजे घरातल्या दोन मधुमेहींनी एकच पेन वापरणे. सुई बदलली तरी झाकणाला लागलेले रक्त तसेच राहते आणि हेपॅटायटिस बीचा विषाणू सुकलेल्या रक्तात किमान सात दिवस टिकतो. दवाखान्यात यासाठीच टोचताक्षणी आपोआप आत जाणारी सुई वापरतात.

वापरलेली सुई जपून ठेवलेल्या टोपीत खुपसावी आणि मगच पेनातून काढावी. 2016 च्या घनकचरा नियमांत घरातल्या वापरलेल्या सुया घरगुती घातक कचऱ्यात धरल्या होत्या. पाण्याची पातळ बाटली टोचून फुटते आणि कचरा वेचणाऱ्यांच्या हाताला सुई लागते. म्हणून फिनाइल किंवा डिटर्जंटची जाड बाटली घ्यावी. पाऊण भरली, की झाकणावर चिकटपट्टी गुंडाळून, वर ‘सुया’ असे लिहून, ती वेगळी द्यावी.